युनिव्हर्सिटी खेळलेली माणसं

जानेवारी १९७१. वेस्ट इंडिजच्या दौऱ्यासाठी भारताचा कर्णधार निवडायचा होता. एकीकडे मन्सूर अली खान पतौडी, म्हणजे ऑक्सफर्ड विद्यापीठाचे माजी कर्णधार. दुसरीकडे अजित वाडेकर, मुंबई विद्यापीठाच्या संघातून वर आलेले. निवड समितीत मतं समसमान पडली आणि अध्यक्ष विजय मर्चंट यांनी निर्णायक मत वाडेकरांच्या पारड्यात टाकलं. मर्चंट स्वतः मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजच्या संघाचे कर्णधार राहिलेले. दोन महिन्यांनी, १० मार्च १९७१ रोजी, पोर्ट ऑफ स्पेनमध्ये भारतानं वेस्ट इंडिजला सात गडी राखून हरवलं. वेस्ट इंडिजविरुद्धचा भारताचा हा पहिला कसोटी विजय. त्या सामन्यात दिलीप सरदेसाईंनी ११२ धावा केल्या आणि पहिलीच कसोटी खेळणाऱ्या सुनील गावसकरनं ६५ आणि नाबाद ६७.

कर्णधार, शतकवीर आणि पदार्पण करणारा सलामीवीर, तिघंही मुंबई विद्यापीठाकडून खेळलेले होते. त्या विजयाबद्दल मराठीत पुष्कळ लिहिलं गेलं. दादर युनियन, शिवाजी पार्क, कांगा लीग यांना त्याचं श्रेय मिळालं आणि ते रास्तच होतं. पण या तिघांच्या वाटेत आणखी एक जागा सामाईक होती, कॉलेजचा जिमखाना आणि त्याच्या पुढचा विद्यापीठाचा संघ. तिची आठवण फारशी कुणी काढत नाही.

आज ठाण्याच्या शेजारच्या कळव्यात, खारेगावात किंवा विटाव्यात कुणी चांगलं खेळत असेल, तर जुनी माणसं त्याच्याविषयी बोलताना एक वाक्य हमखास उच्चारतात: ‘युनिव्हर्सिटी खेळलाय तो.’ या तीन शब्दांत बरंच काही येतं. गावातल्या मंडळापलीकडे, जिल्ह्यापलीकडे कुणीतरी त्याला पारखून घेतलंय, त्याला विद्यापीठाचा ट्रॅकसूट मिळालाय, तो आरक्षित डब्यातून परराज्यात जाऊन खेळून आलाय. मुंबई शहर, मुंबई उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग अशा सात जिल्ह्यांतल्या शेकडो कॉलेजांतून निवडलेल्या संघात त्याचं नाव आलंय.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ ची. फोर्टमधल्या त्याच्या इमारती आणि १८७८ साली पूर्ण झालेला राजाबाई टॉवर यांच्या समोरच ओव्हल मैदान पसरलेलं आहे. शिक्षण आणि खेळ यांच्यात इथं एका रस्त्याच्या रुंदीएवढंच अंतर. तरीही विद्यापीठांच्या संघांना देशव्यापी स्पर्धा मिळायला १९३५ साल उजाडलं. रणजी करंडक १९३४-३५ च्या हंगामात सुरू झाला आणि त्याच्या पुढच्याच हंगामात आंतरविद्यापीठ क्रिकेटचा रोहिंटन बारिया चषक आला. मुंबईचे अर्देशीर दादाभॉय बारिया यांनी आपला मुलगा रोहिंटन याच्या स्मरणार्थ तो दिला होता. एका बापानं मुलाच्या आठवणीसाठी दिलेल्या या चषकानं पुढची कित्येक दशकं भारतीय संघाला खेळाडू पुरवले.

त्या काळातलं मुंबई विद्यापीठ केवढं होतं, हे आज डोळ्यांसमोर आणायला नकाशाच घ्यावा लागेल. पुणे, अहमदाबाद, कोल्हापूर, धारवाड इथली कॉलेजं त्याच्याशी संलग्न होती आणि फाळणीपूर्व सिंधमधली कॉलेजंसुद्धा. म्हणजे विद्यापीठाच्या संघाची निवड म्हणजे जवळजवळ एका प्रांताची निवड. समोर लाहोरचं पंजाब विद्यापीठ असे. लाहोरच्या इस्लामिया कॉलेजनं अब्दुल हफीज कारदार आणि फझल महमूद घडवले, आणि पुढं ते पाकिस्तानच्या पहिल्या कसोटी संघात उतरले. फाळणीनं ही चुरस संपवली. १९४९ च्या सुमारास पुणे, बडोदा, कर्नाटक, गुजरात अशी नवी विद्यापीठं उभी राहिली आणि मुंबईच्या संघाचा मुलूख आक्रसत गेला. मुंबईच्या नावाचा दबदबा मात्र तेव्हा वाढतच होता.

पॉली उम्रीगर हे त्याचं पहिलं मोठं उदाहरण. जन्म सोलापूरचा, शिक्षण मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये, बीएस्सी करता करता विद्यापीठाचं नेतृत्व. १९४८ साली वेस्ट इंडिजचा संघ भारतात आला, तेव्हा संयुक्त विद्यापीठांच्या संघाकडून त्यांनी नाबाद ११५ धावा केल्या आणि काही आठवड्यांतच ते कसोटी खेळले. पुढं ५९ कसोटी, १२ शतकं आणि १९५५-५६ मध्ये न्यूझीलंडविरुद्ध हैदराबादला २२३ धावा. भारतातर्फे कसोटीतलं ते पहिलं द्विशतक. परदेशी संघ दौऱ्यावर आला की त्यांचा एक सामना विद्यापीठांच्या संघाशी ठेवायचा, अशी तेव्हाची पद्धत होती. फारूख इंजिनीअर १९५८ साली अशाच सामन्यातून, वेस्ट इंडिजविरुद्ध, प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये आले. कॉलेजात शिकणाऱ्या मुलाला जगातल्या वेगवान गोलंदाजांसमोर उभं करणारी ही व्यवस्था आज पूर्ण नाहीशी झाली आहे. तिच्या जाण्याचं मोल अजून कुणी मोजलेलं नाही.

याच ओघात बापू नाडकर्णींचं नाव घ्यायला हवं. नाशिकचा हा डावखुरा फिरकीपटू १९५०-५१ च्या रोहिंटन बारिया स्पर्धेत नव्यानं स्थापन झालेल्या पुणे विद्यापीठाकडून खेळताना पुढं आला. १९६४ मध्ये मद्रासच्या कसोटीत इंग्लंडविरुद्ध सलग २१ षटकं निर्धाव टाकणारे ते हेच. त्या डावातलं त्यांचं पृथक्करण ३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा असं आहे.

पण विद्यापीठाच्या संघाचं खरं काम कळतं ते वाडेकर आणि सरदेसाई यांच्या गोष्टींतून.

वाडेकर एल्फिन्स्टन कॉलेजात विज्ञान शिकत होते, इंजिनीअर व्हायचं त्यांच्या मनात होतं. कॉलेजला जायला बेस्टची बस. त्याच बसनं बाळू गुप्तेही जात. लेगस्पिनर, सुभाष गुप्तेंचे धाकटे भाऊ, पुढं स्वतःही कसोटीपटू. कॉलेजच्या संघाला बारावा खेळाडू हवा होता. येतोस का, असं गुप्तेंनी विचारलं. मोबदला तीन रुपये. वाडेकर गेले. पाणी न्यायला आणि गरज पडली तर क्षेत्ररक्षणाला म्हणून गेलेला हा मुलगा पुढं कॉलेजचा फलंदाज झाला, विद्यापीठाकडून त्यानं एका डावात ३२४ धावा काढल्या, १९५८-५९ मध्ये मुंबईकडून रणजीत उतरला आणि १९६६ मध्ये ब्रेबॉर्न स्टेडियमवर पहिली कसोटी खेळला. कॉलेजच्या संघाला एक माणूस कमी पडला नसता तर वाडेकर इंजिनीअर झाले असते, असं मानायला भरपूर जागा आहे.

सरदेसाईंची वाट आणखी लांबची. जन्म १९४० साली मडगावचा, तेव्हाच्या पोर्तुगीज गोव्यातला. तिथं संघटित क्रिकेट असं नव्हतंच. कुटुंब १९५७ साली मुंबईला आलं तेव्हा दिलीप सतरा वर्षांचे होते. मुंबईतल्या शालेय क्रिकेटची सगळी वर्षं, हॅरिस आणि गाइल्स शील्डचे सगळे हंगाम, त्यांच्या वाट्याला आलेच नाहीत. आजच्या हिशेबानं सतराव्या वर्षी टर्फ विकेटवर पहिल्यांदा उभं राहणाऱ्या मुलाला कुणी दारातही उभं करणार नाही. पण विल्सन कॉलेजात प्रशिक्षक मन्या नाईक यांनी त्यांना हेरलं. १९५९-६० च्या रोहिंटन बारिया स्पर्धेत सरदेसाईंनी ८७ च्या सरासरीनं ४३५ धावा केल्या. पुढच्या हंगामात पाकिस्तानचा संघ पुण्याला आला, तेव्हा भारतीय विद्यापीठांकडून त्यांनी ८७ धावा काढल्या. मुंबईत पाऊल ठेवल्यापासून चारेक वर्षांत ते कसोटीपटू होते.

दहा वर्षांनी, १९७१ च्या त्याच वेस्ट इंडिज दौऱ्यात, किंग्स्टनला भारताची ५ बाद ७५ अशी अवस्था असताना याच माणसानं एकनाथ सोलकरला हाताशी धरून डाव सावरला आणि २१२ धावा केल्या. पहिला दिवस पावसात वाहून गेला होता, त्यामुळं फॉलोऑनसाठी दीडशे धावांची आघाडी पुरेशी होती. वाडेकरांनी वेस्ट इंडिजला पुन्हा फलंदाजीला बोलावलं आणि सोबर्सच्या संघाला धक्का बसला. त्या मालिकेत सरदेसाईंच्या ६४२ धावा, गावसकरच्या चारच कसोटींत ७७४. त्याच वर्षी २४ ऑगस्टला लंडनच्या ओव्हलवर भारतानं इंग्लंडला हरवलं. चंद्रशेखरचे ३८ धावांतले सहा बळी सर्वांच्या स्मरणात आहेत. त्याच सामन्यात सरदेसाईंनी ५४ आणि ४०, तर इंजिनीअर यांनी ५९ आणि नाबाद २८ धावा केल्या. विल्सन आणि पोदार, दोन कॉलेजांची दोन माणसं.

गावसकरचं वेगळं. तो शाळेपासूनच नावाजलेला होता, त्याला कुणी शोधून काढण्याची गरज नव्हती. पण त्यालाही वेस्ट इंडिजचं तिकीट मिळण्यापूर्वीच्या हंगामात विद्यापीठाच्या संघानं धावांचं मैदान दिलं. पुणे विद्यापीठाविरुद्ध त्यानं ३२७ धावा केल्या आणि वाडेकरांचा ३२४ चा विक्रम मागं टाकला. काही महिन्यांनी दोघं एकाच संघातून कॅरिबियनला निघाले, एक कर्णधार आणि एक नवखा.

शाळेत चमकलेल्याला विद्यापीठ थोडं पुढं ढकलतं. उशिरा आलेल्याला, लांबून आलेल्याला मात्र ते दारच उघडून देतं. हे क्रिकेटपुरतं नाही. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकत होते आणि तेव्हा ते कॉलेज मुंबई विद्यापीठाशी संलग्न होतं. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते फ्लायवेट गटात सहावे आले. १९५२ च्या हेलसिंकीसाठी पैसे उभे राहत नव्हते, तेव्हा त्यांच्या कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर सात हजार रुपयांना गहाण टाकलं. खाशाबा कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, आता महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवसाच्या भाषणांत प्राचार्यांचं नावही तितक्याच आदरानं घेतलं जावं, कारण कॉलेजनं खेळाडूसाठी काय करायचं असतं याचं यापेक्षा मोठं उदाहरण महाराष्ट्रात नाही.

आणि अंजली भागवत. दादरच्या कीर्ती कॉलेजात त्या एनसीसीसाठी गेल्या आणि तिथून रायफलपर्यंत पोचल्या. लहानपणापासून अकादमीत घातलेली मुलगी नव्हे ती. संजय चक्रवर्ती यांच्या हाताखाली त्या घडल्या, सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचल्या, २००२ मध्ये जागतिक क्रमवारीत अव्वल ठरल्या. त्याच वर्षी मँचेस्टरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुमा शिरूर यांच्या जोडीनं सुवर्ण. सुमा शिरूर यांचं ‘लक्ष्य’ प्रशिक्षण केंद्र आज पनवेलला, म्हणजे याच विद्यापीठाच्या हद्दीत चालतं.

मग हे दार अरुंद कधी झालं?

क्रिकेटपुरतं उत्तर सोपं आहे. चौदा, सोळा, एकोणीस, तेवीस अशा वयोगटांच्या स्पर्धा आल्या, निवडीची चाळण बारा-तेराव्या वर्षीच लागू लागली. मग आयपीएल आली. रोहिंटन बारिया चषक चालू राहिला, पण वर्तमानपत्रांच्या क्रीडापानावरून तो उतरला. पूर्वी दिलीप वेंगसरकर आणि रवी शास्त्री पोदार कॉलेजचे म्हणून ओळखले जात. संदीप पाटील रुइयाचे. श्रेयस अय्यरही पोदारचाच आणि कॉलेजच्या संघाला त्यानं करंडकही मिळवून दिले. पण त्याची निवड झाली ती वयोगटांच्या रांगेतून. कॉलेज त्या रांगेच्या कडेला उभं होतं.

या व्यवस्थेत कल्याण-डोंबिवलीच्या मुलांचं काय होतं, याची दोन टोकं इथंच सापडतात. अजिंक्य रहाणे डोंबिवलीचा. लहान वयात लोकलनं मुंबई गाठत त्यानं क्रिकेट शिकून घेतलं आणि २०२०-२१ मध्ये ऑस्ट्रेलियात भारताला मालिका जिंकून देणारा कर्णधार झाला. दुसरा कल्याणचा प्रणव धनावडे, रिक्षाचालकाचा मुलगा. जानेवारी २०१६ मध्ये शालेय सामन्यात त्यानं नाबाद १००९ धावा केल्या. साऱ्या जगानं बातमी छापली. त्यानंतर पंधरा-सोळा वर्षांच्या त्या मुलावर जे ओझं आलं, ते कुणालाही पेलवणं कठीण होतं. शाळेतला विक्रम आणि वरिष्ठ संघ यांच्या मधली सहा-सात वर्षं हीच खेळाडूची सर्वांत कठीण वर्षं असतात आणि तीच कॉलेजची वर्षं आहेत. या वर्षांत सांभाळणारं, सामने देणारं, अपयश पोटात घालणारं काहीतरी असावं लागतं. १९६० मध्ये ते काम विद्यापीठाचा संघ करत होता.

क्रिकेट सोडून इतर खेळांत चित्र वेगळं दिसतं आणि हा लेख कळव्यातून लिहिण्याचं कारणही तेच. खारेगाव, विटावा, मुंब्रा, दिवा या पट्ट्यातल्या आगरी-कोळी गावांत कबड्डी मुरलेली आहे. मंडळांच्या स्पर्धा रात्री दिव्यांच्या उजेडात रंगतात, अख्खं गाव कडेला बसतं. इथला चढाईपटू बारावी झाला की ठाण्याच्या कॉलेजात जातो. कळव्याच्या समोर, खाडीच्या पलीकडच्या काठावर चेंदणी बंदराला विद्या प्रसारक मंडळाचं ज्ञानद्वीप संकुल आहे. जोशी-बेडेकर आणि बांदोडकर ही १९६९ साली सुरू झालेली कॉलेजं तिथं आहेत. पुढं कल्याणला बिर्ला आणि अगरवाल, डोंबिवलीला पेंढरकर आणि मॉडेल, उल्हासनगरला चांदीबाई. या कॉलेजांचे संघ ठाणे विभागाच्या फेऱ्या खेळतात, विभागातले विजेते आंतरविभागीय फेरीला जातात, तिथून निवडचाचणी, मग शिबिर आणि शेवटी विद्यापीठाचा संघ. हा संघ पश्चिम विभागात खेळतो. समोर गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश आणि महाराष्ट्रातलीच इतर विद्यापीठं असतात. विभागातून वर आलेले संघ अखिल भारतीय फेरीत भिडतात.

या प्रवासात विटाव्याच्या मुलाच्या खेळात जे बदल होतात ते पाहण्यासारखे असतात. मातीवर वाढलेला खेळाडू मॅटवर येतो, पायात बूट घालतो, पकड निसटण्याची आणि घसरण्याची गणितं नव्यानं शिकतो. गावच्या संघात सगळे सोबती एकमेकांना लहानपणापासून ओळखतात, डोळ्यांनी खूण केली तरी साखळी जुळते. विद्यापीठाच्या संघात उजवा कोपरा लालबागचा, डावा रत्नागिरीचा, कव्हर उरणचा. शिबिराच्या थोड्या दिवसांत त्यांना एकमेकांचा पाय ओळखायला शिकावं लागतं. २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली, दुसऱ्याच वर्षी यू मुंबानं विजेतेपद मिळवलं आणि कबड्डीच्या मुलांना पैशाची वाट दिसली. पण त्या लिलावापर्यंत पोचणारे थोडेच. उरलेल्यांसाठी विद्यापीठाचं प्रमाणपत्र हीच खेळातली सर्वांत किमती चीज आहे.

ही किंमत भावनेची तर आहेच, शिवाय व्यवहाराचीही आहे. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. रेल्वे, पोलीस, बँका, विमा कंपन्या खेळाडूंची भरती करतात. मुंबई विद्यापीठात खेळाडूंना परीक्षेत दहा गुणांपर्यंतची सवलत आहे. एकेकाळी वाडेकर स्टेट बँकेत आणि सरदेसाई एसीसीत होते. टाइम्स शील्ड म्हणजे त्या कार्यालयांची लढाई असे. आज खोखो किंवा कबड्डीच्या मुलाला जी नोकरी मिळते, ती त्याच जुन्या साखळीची उरलेली कडी आहे. ती तुटू नये असं वाटत असेल, तर विद्यापीठाचा हंगाम नीट चालला पाहिजे.

तो नीट चालण्यात सर्वांत मोठी अडचण आहे ती अंतराची. विद्यापीठाचं जुनं पॅव्हिलियन मरीन लाइन्सला, वानखेडेच्या शेजारी. चर्चगेटकडे जाणाऱ्या गाडीतून ते दिसतं. कळव्याच्या धावपटूला तिथं सकाळी सातच्या चाचणीला पोचायचं तर काय करावं लागतं? कळव्याला फास्ट लोकल थांबत नाही. पहाटेची स्लो पकडायची, किट बॅग पोटाशी धरून तासभर उभं राहायचं, दादरला पूल चढून पश्चिम रेल्वेवर जायचं आणि मरीन लाइन्सला उतरून लगेच वॉर्मअप सुरू करायचा. परतीला हाच प्रवास गर्दीच्या वेळी. पस्तीस-चाळीस किलोमीटरचा हा प्रवास करून आलेल्या पायांनी तो शंभर मीटर पळतो, तेव्हा त्याची वेळ दक्षिण मुंबईतल्या मुलाच्या वेळेशी ताडून पाहिली जाते.

पंजाबच्या विद्यापीठांनी हा प्रश्न ओळखला. देशातल्या विद्यापीठांत क्रीडा क्षेत्रात सर्वोत्तम ठरणाऱ्याला १९५६-५७ पासून मौलाना अबुल कलाम आझाद करंडक दिला जातो. त्याच्या यादीत अमृतसरचं गुरू नानक देव विद्यापीठ सर्वांत वर आहे आणि चंदीगडचं पंजाब विद्यापीठ, पतियाळाचं पंजाबी विद्यापीठ त्याच्या आसपास. तिथं खेळाडू विद्यापीठात राहतात. वसतिगृह, खुराक, मैदान आणि वर्ग एकाच आवारात. मुंबईतला खेळाडू घरी राहतो, डबा घेऊन निघतो आणि सरावाचे तास रेल्वेत घालवतो. दोघांच्या मेहनतीत फरक नाही, वेळेत आहे. पुण्यानं काही प्रमाणात हे अंतर कापलं. २०२० मध्ये भुवनेश्वरला पहिल्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा झाल्या, त्यात चंदीगडचं पंजाब विद्यापीठ पहिलं आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ दुसरं. म्हणजे महाराष्ट्राला हे जमत नाही असं नव्हे.

विद्यापीठीय खेळांचं जागतिक वजनही वाढतं आहे. २०२३ मध्ये चीनच्या चेंगडू इथं झालेल्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत भारतानं ११ सुवर्णांसह २६ पदकं जिंकली. तोवरची ही भारताची सर्वोत्तम कामगिरी होती. नेमबाजी आणि तिरंदाजीनं त्यात मोठा वाटा उचलला. खोखोची पहिली विश्वचषक स्पर्धा जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झाली आणि भारताच्या पुरुष व महिला दोन्ही संघांनी ती जिंकली. पुरुषांचा कर्णधार प्रतीक वाईकर आणि महिलांची कर्णधार प्रियंका इंगळे, दोघंही महाराष्ट्राचे. ज्या खेळाला कालपर्यंत शाळेच्या अंगणातला म्हणत होते, त्याचे खेळाडू आज कॉलेजात प्रवेश घेताहेत. त्यांना काय मिळणार, हा प्रश्न तातडीचा आहे.

मुलींच्या बाबतीत तो अधिकच. दहावीनंतर खेळ सोडणाऱ्या मुली ठाणे-कल्याणच्या प्रत्येक मैदानावर दिसतात. संध्याकाळी उशिरा परतणं, लोकलची गर्दी, घरची कामं, कारणं सगळ्यांना ठाऊक आहेत. अशा घरात मंडळाच्या स्पर्धेला परवानगी मिळत नाही, पण कॉलेजचं पत्र आलं, सोबत बाई आहेत, नाव विद्यापीठाचं आहे म्हटलं की वडील तयार होतात. भोपाळ किंवा उदयपूरला पश्चिम विभागासाठी गेलेल्या कितीतरी मुलींचा तो घरच्यांशिवायचा पहिला लांबचा प्रवास असतो. पदक मिळो न मिळो, त्या मुली पुढं खेळात टिकण्याची शक्यता वाढते. ठाण्यातल्या खेळाच्या शिक्षिकांना हे नीट माहीत आहे, म्हणूनच त्या पालकांच्या घरी जाऊन बसतात.

या शिक्षकांबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. वाडेकरांना गुप्ते भेटले, सरदेसाईंना मन्या नाईक, खाशाबांना खर्डेकर. प्रत्येक गोष्टीत एक हेरणारा माणूस आहे. कॉलेजात त्या माणसाचं नाव क्रीडा संचालक किंवा नुसतं ‘स्पोर्ट्सचे सर’ असतं. अनेक कॉलेजांत ही जागा रिकामी आहे किंवा तासिका तत्त्वावर भरलेली. वर्षभराची खात्री नसलेल्या माणसाकडून पाच वर्षांनी चमकणारा खेळाडू घडवण्याची अपेक्षा ठेवणं अन्यायाचं आहे. मैदानं नंतर बांधता येतील. ही पदं आधी भरली पाहिजेत, कायमची.

दुसरं, सामने खेळाडूंकडे आले पाहिजेत. ठाण्यात दादोजी कोंडदेव स्टेडियम आहे. त्याच्या आवारातल्या बॅडमिंटन सभागृहाला खंडू रांगणेकरांचं नाव आहे. १९४७-४८ मध्ये ऑस्ट्रेलियात तीन कसोटी खेळलेले रांगणेकर ठाण्याचेच. विद्यापीठाचं उपकेंद्र ठाण्यात बाळकूमला आहे, कल्याणलाही आहे. आंतरविभागीय फेऱ्या, निवडचाचण्या आणि शिबिरं यांतला ठरावीक वाटा दरवर्षी ठाणे-कल्याणला ठेवला, तर कसारा-कर्जतपासून मुंब्र्यापर्यंतच्या खेळाडूंचा रोजचा तीन तासांचा प्रवास वाचेल. तीन तास म्हणजे एक पूर्ण सराव आणि वर झोप. तिसरं, वेळापत्रक. सत्र पद्धतीत परीक्षा वर्षातून दोनदा येतात आणि सामने त्यांच्या मधल्या फटीत कोंबले जातात. बाद फेरीत एक सामना हरला की वर्ष संपलं. सरदेसाईंना १९५९-६० मध्ये ४३५ धावा करता आल्या, कारण त्यांना तेवढे डाव खेळायला मिळाले होते. साखळी सामने परत आणल्याशिवाय उशिरा उमलणारा खेळाडू कुणाच्या नजरेत येणार नाही.

दिवाळीची सुट्टी संपली की बहुतेक खेळांचे पश्चिम विभागाचे संघ ठरायला लागतात. त्याच सुमारास कळवा, डोंबिवली, कल्याण, बदलापूरच्या कॉलेजांतून पात्रतेचे अर्ज भरले जातात. फोटो, बारावीची गुणपत्रिका, पंचवीस वर्षांच्या मर्यादेसाठी जन्मदाखला, प्राचार्यांची सही. त्या अर्जावर पत्त्याच्या रकान्यात कळवा लिहिणारी मुलं-मुली यंदाही पहाटेची स्लो लोकल पकडून चाचणीला जाणार आहेत.